मिरीच्या पैशावर उभी राजधानी

मराठी माणसाची पहिली युरोप सहल बहुधा ठरलेल्या रुळावरून जाते. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंडचा बर्फ, व्हेनिसच्या होड्या, रोमला दीड दिवस आणि परत. पोर्तुगालची राजधानी लिस्बन या रुळावर येत नाही. ती पडते युरोपच्या पार पश्चिम टोकाला, तेजू नदी अटलांटिकला मिळते तिथे. बसने तिला पॅरिसशी जोडायचं म्हटलं तर अख्खा स्पेन ओलांडावा लागतो, त्यामुळे सहल कंपन्यांच्या पत्रकात तिला जागा मिळालीच तर शेवटच्या पानावर. हा तिच्यावर अन्यायच आहे. लंडन सोडलं, तर कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला घरचे इतके संदर्भ सापडतील अशी युरोपात दुसरी राजधानी नाही.

वसईच्या एका कुटुंबाने मे महिन्याच्या सुट्टीत म्हणूनच लिस्बन निवडलं. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले आजोबा, गुडघेदुखीने बेजार आजी, मुलगा-सून, नववीतली नात आणि चौथीतला नातू. यांच्या घराजवळच वसईचा किल्ला. १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. मधली दोनशे पाच वर्षं तिथले हुकूम लिस्बनहून गोव्यामार्गे यायचे. आजोबांचं म्हणणं साधं होतं, “त्यांनी आपलं गाव दोनशे वर्षं पाहिलं, आपण त्यांचं चार दिवस पाहू.”

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं प्रत्येक माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. चालायला लागलं की त्या सात नसून सत्तर असाव्यात अशी शंका येते. रस्ता चढत तरी असतो नाहीतर उतरत तरी. सपाटी म्हणावी अशी फक्त नदीकाठी आणि मधल्या खोलगट भागात. पदपथांवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लहान तुकड्यांची नक्षीदार फरसबंदी आहे, कारागिरांनी हाताने एकेक तुकडा ठोकून बसवलेली. रोसिओ नावाच्या मोठ्या चौकात १८४८-४९ मध्ये घातलेली समुद्राच्या लाटांची नक्षी एवढी गाजली, की पुढे ब्राझीलमधल्या कोपाकबाना किनाऱ्याच्या रस्त्यावरही तीच उमटली. दिसायला देखणी असली तरी वर्षानुवर्षांच्या पावलांनी ही फरसबंदी गुळगुळीत झाली आहे, आणि एक सर पडली की तिच्यावर पाय हमखास घसरतो. रबरी तळाचे, पकड असलेले बूट हे लिस्बनच्या सामानातलं पहिलं कलम. आजींनी पहिल्याच संध्याकाळी चपला बॅगेच्या तळाशी टाकल्या त्या मुंबई विमानतळापर्यंत वर आल्या नाहीत.

चढाला उतारा म्हणजे ट्राम. १९३० च्या दशकातल्या पिवळ्या, एकाच डब्याच्या, लाकडी बाकांच्या ट्राम इथे अजून रोजच्या वाहतुकीत आहेत. त्यातली २८ क्रमांकाची जुन्या वस्त्यांतून जाते, आणि ती इतक्या अरुंद गल्ल्यांतून की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी भिंतीला लागावा. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली तेव्हा आजोबा शाळकरी होते, त्यामुळे या प्रवासात त्यांच्या चेहऱ्यावर नातवापेक्षा जास्त उत्साह होता. मात्र २८ नंबर जगभर प्रसिद्ध झाल्याने दुपारी तिच्यात उभं राहायलाही जागा नसते आणि खिसेकापूंचं आवडतं ठिकाणही तीच. सकाळी लवकर, मार्तिम मोनिझ या पहिल्या थांब्यावर चढलं तर बसायला जागा मिळते. टेकड्यांवर दोरीने ओढल्या जाणाऱ्या गाड्याही आहेत. त्यांपैकी १८८५ पासून चालणाऱ्या ग्लोरिया टेकडीवरच्या गाडीला सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात होऊन १६ जणांचा बळी गेला. त्यानंतर अशा इतर गाड्याही तपासणीसाठी थांबवण्यात आल्या. जाण्यापूर्वी काय चालू आहे याची चौकशी करून घ्यावी.

आता शहराच्या मध्याकडे. नदीच्या काठाला तिन्ही बाजूंनी पिवळ्या कमानींच्या इमारती आणि चौथ्या बाजूला थेट पाणी, असा प्रचंड मोठा चौक आहे. नकाशावर त्याचं नाव ‘व्यापार चौक’ या अर्थाचं असलं तरी लिस्बनकर त्याला अजून ‘राजवाड्याचं पटांगण’च म्हणतात. राजवाडा मात्र कुठेच दिसत नाही. तो सुमारे २७० वर्षांपूर्वी गेला.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, शनिवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चं भरलेली, वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या. त्याच वेळी धरणी हलली. आजच्या अंदाजाने भूकंपाची तीव्रता साडेआठच्या पुढे असावी. चर्चचे घुमट माणसांवर कोसळले. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठाकडे धावले, आणि तिथे त्यांना दिसलं की पाणी मागे सरकून तळ उघडा पडला आहे. मग लाट आली. जे लाटेतून सुटलं ते आगीने गाठलं, कारण सणाच्या मेणबत्त्या आणि घरोघरच्या चुली पडक्या लाकडांत विखुरल्या होत्या. आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली. मेलेल्यांचा नक्की आकडा कुणालाच सांगता आलेला नाही, पण तो काही दशसहस्रांत होता. राजवाड्याबरोबर सत्तर हजार ग्रंथांचं राजग्रंथालय जळालं, सात महिन्यांपूर्वीच उघडलेलं ऑपेरागृह गेलं आणि पूर्वेच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारी ‘कासा द इंडिया’ ही कचेरीही गेली. गोवा, वसई, चौल, दमण इथून दोन-अडीचशे वर्षं आलेल्या जहाजांच्या कितीतरी नोंदी त्या आगीत राख झाल्या. आपल्या इतिहासातली काही पानं लिस्बनला जळाली, असं आजोबा नातीला सांगत होते ते अतिशयोक्त नव्हतं.

राजा पहिला जोसे त्या दिवशी शहराबाहेर बेलेमला होता म्हणून वाचला. पण त्याने दगडी छपराची अशी धास्ती घेतली की १७७७ मध्ये मरेपर्यंत तो लाकडी वाड्यात आणि तंबूतच राहिला. शहर पुन्हा उभं केलं ते त्याच्या मंत्र्याने, पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाने. हा माणूस क्रूर होता, त्याच्या शत्रूंचे हाल वाचवत नाहीत. पण नगररचनेत त्याच्यासारखा त्या काळात दुसरा नसेल. ढिगारे उपसून त्याने आणि त्याच्या लष्करी अभियंत्यांनी सरळ, काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आखले. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा रस्ता, चांभारांचा रस्ता अशी धंद्यांवरून नावं दिली, ती आजही पाट्यांवर आहेत. नव्या घरांच्या भिंतींत लाकडाचा फुलीफुलीचा सांगाडा घातला. धरणी हलली तर दगड निखळेल, पण सांगाडा लवून घर तोलून धरेल, ही कल्पना. या सांगाड्याला तिथे ‘पिंजरा’ म्हणतात. त्याची चाचणी घ्यायला नमुन्याभोवती सैनिकांच्या पलटणीला पाय आपटत कवायत करायला लावली होती, असं सांगतात. भूकंपाचा विचार करून इतक्या मोठ्या प्रमाणावर बांधलेल्या युरोपातल्या पहिल्या वस्त्यांपैकी ही एक.

याच मंत्र्याने देशभरातल्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला, नंतर किती धक्के आले, समुद्र आधी चढला की ओसरला, किती घरं पडली, आग लागली का. आजच्या भूकंपशास्त्राची सुरुवात या उत्तरांपासून मोजतात, आणि त्यांतली बरीच उत्तरं लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात अजून जपलेली आहेत. भूज आणि किल्लारी ऐकून असलेल्या आपल्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

चौकाच्या मधोमध राजा जोसेचा घोड्यावरचा पुतळा १७७५ मध्ये बसवलेला आहे. मोठी माणसं घोड्याकडे पाहतात. चौथऱ्याच्या बगलेला मात्र दगडी हत्ती कोरलेला आहे आणि तो मुलांच्या नजरेतून सुटत नाही. “आजोबा, इथे हत्ती कसा?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला बेलेमपर्यंत जावं लागतं, पण त्याआधी वरची टेकडी.

सरळ रस्त्यांच्या या भागातून ४५ मीटर उंचीचा लोखंडी उद्वाहक वर चढतो. १९०२ पासून तो लोकांना खालच्या पेठेतून वरच्या कार्मो भागात नेतो. रांग लांब असते, आणि खरं सांगायचं तर मागच्या रस्त्याने रमतगमत चढून गेलं तर तेवढाच वेळ लागतो. वर कार्मोचा मठ उभा आहे, छपराविना. १७५५ मध्ये छत कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. गॉथिक कमानींच्या फासळ्या निळ्या आभाळाखाली उघड्या आहेत आणि खाली हिरवळ. वसई किल्ल्यातली बिनछपराची चर्चं रोज पाहणाऱ्या कुटुंबाला हे दृश्य नवं नव्हतं. इथे तिकीट आहे आणि आत नीटनेटकं वस्तुसंग्रहालय, एवढाच फरक, आणि तो आजोबांना फार लागला.

मठासमोरच्या शांत चौकात २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालमधली ४८ वर्षांची हुकूमशाही संपली. पंतप्रधान मार्सेलो कायतानो शेजारच्या पोलिसी छावणीत लपले होते, बाहेर बंडखोर सैनिकांची वाहनं आणि हजारोंची गर्दी. संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. त्या दिवशी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या बाईने हातातली लाल कार्नेशनची फुलं सैनिकांना दिली आणि ती बंदुकांच्या नळ्यांत खोचली गेली, म्हणून ही ‘कार्नेशन क्रांती’. या चौकाचं गोव्याशी थेट नातं आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने ते कधीच मान्य केलं नव्हतं. क्रांतीनंतर आलेल्या सरकारने त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला करार करून गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. नदीवरचा लाल झुलता पूल १९६६ मध्ये सालाझारच्या नावाने उघडला होता, आज त्याचं नाव ‘२५ एप्रिल पूल’ आहे.

रोसिओ चौकाजवळ दोन गोष्टी आहेत ज्या सहलीतले वाटाडे भरभर उरकतात. राष्ट्रीय नाट्यगृह जिथे उभं आहे तिथे पूर्वी धर्मसमीक्षण न्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा वाडा होता. याच संस्थेची शाखा १५६० मध्ये गोव्यात आली आणि १८१२ पर्यंत राहिली. पलीकडे साव डोमिंगोस चर्चपासून १५०६ साली ज्यूंच्या कत्तलीला सुरुवात झाली. तिचं स्मारक आता चौकात आहे. चर्चला १९५९ मध्ये आग लागली, तडकलेले आणि काळवंडलेले खांब तसेच ठेवून वर फक्त छप्पर घातलं. आत शिरल्यावर आजींनी हात जोडले आणि मुलंही आपोआप गप्प झाली.

बेलेमला एक अख्खा दिवस द्यावा. १५ क्रमांकाची ट्राम नदीकाठाने तिथे नेते. इथूनच ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजं निघाली आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचली. पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकतो. शाळेत शिकवत नाहीत ती गोष्ट इथे पाहायला मिळते, ती म्हणजे आलेल्या पैशाचं काय झालं. राजा मानुएलने १५०१-०२ मध्ये जेरोनिमोस मठाचं बांधकाम काढलं आणि खर्चासाठी आफ्रिका व पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पाच टक्के कर बसवला. तिथे त्याला मिरीचा विसावा भागच म्हणतात. बांधकाम शंभर वर्षं चाललं. पांढऱ्या चुनखडीचा हा मठ म्हणजे मलबारच्या मिरीचं दगडात झालेलं रूपांतर आहे, यात काव्य नाही, हिशेब आहे.

आतल्या दुमजली ओवऱ्यांत पोचल्यावर मात्र हिशेब विसरायला होतो. एकही खांब दुसऱ्यासारखा नाही. दगडात जहाजाचे दोरखंड वळले आहेत, त्यांना गाठी मारल्या आहेत, मधूनच पोवळी आणि पानं, तोंडं वासलेले प्राणी. पश्चिमेची उन्हं आली की चुनखडी मधासारखी पिवळी दिसते. नातीने मोबाइल बाजूला ठेवून वहीत एका खांबाचं चित्र काढायला घेतलं आणि अर्धा तास सगळे तिच्यासाठी निमूट थांबले. सहलीच्या बसमागे धावत असते तर हा अर्धा तास मिळाला नसता.

मठाच्या चर्चमध्ये दाराशीच दोन कबरी समोरासमोर आहेत. एक वास्को द गामाची. तो १५२४ मध्ये ख्रिसमसच्या आदल्या दिवशी कोचीला वारला, त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला नेले आणि एकोणिसाव्या शतकात इथे आणले. दुसरी कवी कामोइशची. आयुष्यातली काही वर्षं गोव्यात काढलेल्या या कवीने गामाच्या सफरीवर महाकाव्य लिहिलं, ते १५७२ मध्ये छापलं गेलं. त्याच्या कबरीतली हाडं खरोखर त्याचीच आहेत का, याबद्दल पोर्तुगीजांनाच शंका आहे. गामाच्या कबरीवर जहाज कोरलेलं आहे. १५०२ मध्ये दुसऱ्या सफरीत त्याने मलबार किनाऱ्याजवळ मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं होतं. कबरीवर त्याची खूण असणं शक्यच नाही. ते सांगायचं काम आपल्यासोबतच्या मोठ्या माणसाचं. आजोबांनी ते केलं, बारक्या आवाजात, चर्चमध्ये शोभेल इतपत.

नदीतला बेलेमचा मनोरा १५१४ ते १५१९ च्या सुमारास उभा राहिला. त्याच्या एका बुरुजाखाली, पाण्याच्या बाजूला, झिजलेलं एक दगडी डोकं आहे. पहिल्या नजरेला ते रानडुकरासारखं वाटतं. तो गेंडा आहे, आणि त्याची गोष्ट खरी आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला नजराणा दिला. अल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये राजाकडे रवाना केला, सुमारे चार महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, पण हत्तीच घाबरून पळून गेला. मग राजाने गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडात असल्याने त्याला पोहताही आलं नाही. जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधी पाहिला नव्हता, एका पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं. त्यात गेंड्याच्या पाठीवर एक जादा शिंग आहे, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा तसाच असतो असं वाटत राहिलं. नातवाला किल्ले, राजे, मठ यातलं पुढे काय आठवेल कोण जाणे, गेंडा मात्र त्याने वर्गात जाऊन सांगितला.

काठावर पुढे दर्यावर्द्यांचं पन्नास मीटरहून उंच स्मारक आहे, १९४० मध्ये तात्पुरतं आणि १९६० मध्ये कायमचं बांधलेलं. नावाड्यांच्या गर्दीतून पुढे झुकलेला राजपुत्र हेन्री वगैरे. हे सालाझारच्या काळातलं प्रचाराचं काम आहे आणि तसंच दिसतं. फोटो काढावा आणि पुढे सरकावं. त्यापेक्षा राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरचा अल्बुकर्कचा पुतळा जास्त बोलका, कारण १५१० मध्ये गोवा जिंकणारा माणूस इथे एका उंच खांबावर उभा आहे आणि खाली बागेत लहान मुलं सायकली चालवत असतात.

मठाशेजारी १८३७ पासून चाललेलं मिठाईचं दुकान आहे. मठांत कपड्यांना खळ करायला अंड्यातला पांढरा भाग वापरत, उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं यातून ही पाकक्रिया आली असं मानतात. १८३४ मध्ये देशातले मठ बंद झाले आणि ती शेजारच्या दुकानात गेली. पातळ पापुद्र्यांच्या वाटीत भाजलेलं दुधा-अंड्याचं सारण, वरचा पृष्ठभाग ठिकठिकाणी काळपट. वर दालचिनीची पूड आणि पिठीसाखर भुरभुरवून गरम खायचं. वाटी कडकड तुटली पाहिजे, थंड झाली की ती मऊ पडते, म्हणून डब्यात भरून हॉटेलवर नेण्याचा विचार सोडून द्यावा. अंडं न खाणाऱ्यांना इथे पर्याय नाही.

मुंबईकरांनी न चुकता जावं अशी आणखी एक जागा आहे, आणि तिथे भारतीय पर्यटक क्वचितच दिसतात. अल्फामा या जुन्या वस्तीच्या वरच्या अंगाला साव व्हिसेंत द फोरा हा मठ आहे. त्याच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा राजघराण्याचं दफनस्थान आहे आणि तिथे कॅथरीन ऑफ ब्रागांझा विसावली आहे. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई बेट जिच्याबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळालं, तीच ही. चार्ल्सला ते सांभाळणं परवडेना, १६६८ मध्ये त्याने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कॅथरीन वैधव्यात मायदेशी परतली आणि १७०५ च्या ३१ डिसेंबरला लिस्बनमध्येच वारली. तिने मुंबई कधी पाहिली नाही. सूनबाई नोकरीसाठी रोज विरार लोकलने चर्चगेटला जाते. तिने तिथे बराच वेळ काढला आणि म्हणाली, “आई, हिच्यामुळे माझी लोकल!”

याच मठात ला फोंतेनच्या कथांवरच्या ३८ निळ्या-पांढऱ्या टाइल चित्रचौकटी आहेत. कोल्हे, सिंह, बगळे, माकडं. ला फोंतेनने आपल्या कथांचं बरंचसं ऋण पिलपाय नावाच्या भारतीय ऋषीचं असल्याचं स्वतः नमूद केलं होतं, म्हणजे अनेक भाषांचा प्रवास करून आलेलं आपलं पंचतंत्रच. मुलांना एकेक चौकट दाखवून गोष्ट ओळखायला सांगावी, तासभर कंटाळा येत नाही.

शेजारी सांता एंग्रासिया चर्च आहे. १६८२ मध्ये पायाभरणी झाली आणि १९६६ मध्ये घुमट पुरा होऊन ते वापरात आलं. न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज अजूनही याच चर्चचं नाव देतात. खाली अल्फामाच्या गल्ल्या उतरत जातात. भूकंपातून वाचलेली ही मूरांच्या काळातली वस्ती, गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेले, संध्याकाळी खानावळींतून फादोचे सूर. २०११ मध्ये युनेस्कोने या गायकीला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात, वेटरसुद्धा थांबतो, आणि कुणी बोललं तर शेजारचा टेबलवाला डोळे वटारतो. पण फादो रात्री उशिरा रंगतो आणि जेवणासकट महाग पडतो, दमलेली मुलं बरोबर असतील तर हट्ट धरू नये. गोव्याच्या सोनिया शिरसाट यांचा फादो पणजीतही ऐकता येतो.

खाण्याची चिंता आजींना निघण्याआधीपासून होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. लिस्बनच्या थाळीवर मासा राज्य करतो. कोळशावर भाजलेली सार्डिन कोकणी माणसाला जवळची वाटते. सुकवलेल्या खारवलेल्या कॉडचं प्रेम मात्र चमत्कारिक आहे, कारण हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही, नॉर्वे-आइसलँडकडून येतो. कोबीसारख्या पानांच्या हिरव्या सूपमध्ये बहुधा सॉसेजची चकती असते, शाकाहारी माणसाने मागवताना ती नको असं सांगावं. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवावं, कुणी वाईट वाटून घेत नाही.

पण कॅफेच्या काचेच्या कपाटात पाहिलं तर तळलेल्या इतर पदार्थांशेजारी सामोसा असतोच. आकार छोटा, कवच पातळ, आत बहुधा खिमा. १९६१ नंतर गोव्यातून आणि १९७५ नंतर मोझांबिकमधून आलेल्या गोवेकर आणि गुजराती कुटुंबांबरोबर तो इथल्या न्याहारीत शिरला. गोव्याच्या शागुतीची, बेबिंकेची छोटी उपाहारगृहं शहरात आहेत. मार्तिम मोनिझ चौकाच्या मागच्या गल्ल्यांत डाळ, तांदूळ, आटा, मसाले सगळं मिळतं. या शहराचे २००७ ते २०१५ महापौर आणि नंतर २०२४ पर्यंत देशाचे पंतप्रधान असलेले आंतोनियो कोस्टा यांचं मूळ मडगावचं. आजींना तिथल्या एका दुकानात मुगाची डाळ मिळाली आणि त्या रात्री भाड्याच्या घरातल्या चुलीवर खिचडी झाली. कुटुंबाने हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं ते यासाठी.

मुलांसाठी पूर्वेकडचं मत्स्यालय राखून ठेवावं. गामाच्या सफरीला पाचशे वर्षं झाली म्हणून १९९८ मध्ये इथे जागतिक प्रदर्शन भरलं, त्याची ही देणगी. मधल्या एकाच टाकीत पन्नास लाख लिटर समुद्राचं पाणी, शार्क, पाकट आणि ताटासारखा चपटा, अवाढव्य सूर्यमासा. बाहेर तेजूवरचा सतरा किलोमीटरचा वास्को द गामा पूल धुक्यात दिसेनासा होतो.

सिंत्रा हे रोसिओ स्थानकातून लोकलने पाऊण तासाच्या आत. डोंगरमाथ्यावरचा रंगीबेरंगी पेना राजवाडा पाहायला गर्दी लोटते, वेळेचं तिकीट आधी काढलं नाही तर दिवस रांगेत जातो. आजोबांचं लक्ष मात्र गावाबाहेरच्या पेन्हा व्हेर्देकडे होतं, व्हाइसरॉय दों जुआंव द कास्त्रोच्या वाडीकडे. सोमनाथ पाटणहून आणलेला, १२८७ मधला एक संस्कृत शिलालेख याच वाडीत जाऊन पोचला आणि अभ्यासकांत तो ‘सिंत्रा प्रशस्ति’ म्हणून ओळखला जातो. आपल्या घारापुरीच्या लेण्यांतलाही एक शिलालेख सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी काढून वाचनासाठी लिस्बनला पाठवला. कुणालाच तो वाचता आला नाही आणि नंतर तो हरवला. घारापुरीची लेणी नेमकी कुणी खोदवली हा वाद आजही चालू राहण्याचं ते एक कारण. नेआण एकतर्फी मात्र नव्हती. वसई घेतल्यावर मराठ्यांनी तिथल्या चर्चच्या घंटा आणल्या, त्यांतली एक मेणवलीला आणि एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अजून टांगलेली आहे.

जायचं असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. शेंगेन व्हिसाची तजवीज काही महिने आधी करावी. मेट्रो, बस आणि ट्राम यांना मिळून चोवीस तासांचं एकच तिकीट मिळतं, ते प्रत्येकाचं वेगळं घ्यावं लागतं. ज्येष्ठांबरोबर दिवसाला एकच टेकडी चढावी. आणि बेलेमचा दिवस सोमवारी ठेवू नये, कारण जेरोनिमोस मठ त्या दिवशी बंद असतो.